स्टिक घेतली म्हणून कोणी दाइगो होत नाही

संभाजीनगर, परभणी, लातूर, कुठंही जा, फायटिंग गेम खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपांत एक मेसेज सारखा फिरून येतो. पॅड म्हणजे दोन्ही हातांत धरून अंगठ्यानं चालवायचा कंट्रोलर, आर्केड स्टिक म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरातल्यासारखा दांडा आणि बटणं बसवलेली पेटी. मेसेज थोडक्यात असा: ‘पॅड म्हणजे पोरखेळ. खरं खेळायचं तर आर्केड स्टिक घ्या. स्टिकचं इनपुट जलद जातं, चाली चुकत नाहीत, जगातले सगळे मोठे खेळाडू स्टिकवरच खेळतात, अंगठा दुखत नाही. आणि आपण तर बसस्टँडजवळच्या पार्लरात शिकलेली माणसं, स्टिक आपल्या हातातच आहे.’ खाली एखाद्या महागड्या स्टिकचा फोटो. तो पाहून दोन-चार जण घरी पैशांचा विषय काढतात.

मी स्वतः स्टिकवर खेळतो, त्यामुळे तिच्याशी माझं वाकडं नाही. वाकडं आहे ते या मेसेजशी.

आधी वेगाचं बघू. स्टिक फोडून आत पाहिली तर दांड्याच्या बुडाशी चार बाजूंना चार मायक्रोस्विच असतात. दांडा ज्या बाजूला झुकेल तिकडचा स्विच टक् करून दाबला जातो, तिरका झुकला तर दोन दाबले जातात. पॅडच्या दिशाबटणाखालीही चारच संपर्क असतात, फक्त बहुतेक पॅडमध्ये ते रबराच्या पडद्यावर. गेमपर्यंत पोचतो तो ‘दाबलं’ किंवा ‘सोडलं’ एवढाच निरोप, आणि तो किती लवकर पोचेल हे आतला सर्किट बोर्ड ठरवतो. भिकार बोर्डाची स्टिक चांगल्या पॅडच्या मागे राहते. बाजारात स्वस्त बोर्ड ‘झिरो डिले’, म्हणजे शून्य उशीर, या नावानं विकले जातात. ते नाव आहे, हमी नव्हे. उलट दांड्याला स्विचपर्यंत पोचायला अंगठ्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, ते मेसेजवाला सोयीनं विसरतो.

हे गेम सेकंदाला ६० फ्रेमनं, म्हणजे ६० चित्रांनी चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर चित्र ‘सुधारणारी’ सेटिंग चालू असेल तर कित्येक फ्रेमचा उशीर तिथंच होतो. रिमोट घ्या, गेम मोड लावा. फुकटात होतं.

आता अचूकपणा. इथं मेसेज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त फसवा आहे. ‘स्ट्रीट फायटर’ गेममधल्या हादोकेनसाठी, म्हणजे हातातून गोळा फेकायला, खाली, तिरकं, पुढं अशी पाव फेरी लागते. स्टिकच्या तळाशी चौकोनी गेट, म्हणजे दांड्याला अडवणारी चौकट, असलं तर दांडा त्याच्या कडेनं सरकत कोपऱ्यात बसतो आणि तिरकी दिशा हाताला नेमकी कळते. शोर्युकेनला, म्हणजे उडी मारून द्यायच्या ठोशाला, पुढं, खाली, तिरकं. तिथं नवशिक्या सवयीनं दांडा पार कोपऱ्यापर्यंत ठोकतो, परत यायला उशीर होतो आणि चाल निघतच नाही. अनुभवी माणूस दांडा मधल्या भागातच हलकेच फिरवतो. कोरियन दांड्यांत चौकोनी गेटही नसतं आणि स्प्रिंगही नसते, रबराची रिंग दांड्याला मधोमध ओढते. ‘टेकन’ हा दुसरा फायटिंग गेम खेळणाऱ्यांना तीच ओढ आवडते. म्हणजे एका ‘स्टिक’मध्येच दोन-तीन वेगळ्या जाती आहेत आणि एकीवर बसलेला हात दुसरीवर अडखळतो. स्ट्रीट फायटरमधल्या झांगीफ या पैलवानाच्या चालीची गोल फेरी दांड्यावर सोपी जाते हे मान्य. पण बऱ्याच गेममध्ये तिला पूर्ण गोल लागत नाही, पाऊण फेरी पुरते आणि ती अंगठ्यालाही जमते.

स्टिकचा खरा फायदा दांड्यात नाही, उजव्या हातात आहे. सहा बटणांवर चार बोटं पसरलेली असतात, त्यामुळे दोन-तीन बटणं एकदम दाबणं किंवा एका फ्रेमच्या अंतरानं एकामागून एक टपकावणं फार सोपं होतं. पॅडवर तेच काम अंगठा आणि पॅडच्या वरच्या कडेवरच्या बटणांत वाटून द्यावं लागतं. मेसेजात याचा उल्लेखही नाही, बघा.

‘सगळे मोठे खेळाडू स्टिकवर’ हे तर सरळ खोटं. २०१४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ जिंकणारा फ्रान्सचा लफी पहिल्या प्लेस्टेशनचा पॅड कन्व्हर्टर लावून खेळत होता. सॉनिकफॉक्स या खेळाडूनं पॅडवर मॉर्टल कॉम्बॅट आणि इनजस्टिस या गेममध्ये इतकी बक्षिसं गोळा केली की मोजत बसावं. मेसेजवाल्यांचं आवडतं उदाहरण जपानच्या दाइगो उमेहाराचं: २००४ च्या इव्होत त्यानं जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचा पंधरा फटक्यांचा सुपर, म्हणजे खास जोरदार हल्ला, ओळीनं अडवला, तो व्हिडिओ सगळ्यांना पाठ आहे. तो स्टिकवर होता, खरंय. पण हाच दाइगो पुढं दांडा सोडून नुसत्या बटणांच्या पेटीवर, म्हणजे लीव्हरलेसवर गेला. मग काय, त्याच्यामागं पुन्हा नवीन खरेदी?

अंगठ्याचं दुखणं स्टिकनं कमी होतं. मनगटाचं आणि खांद्याचं वाढू शकतं. सतरंजीवर मांडी घालून, मांडीवर जड पेटी ठेवून तासभर खेळा म्हणजे कळेल.

राहिला पार्लरचा मुद्दा, आणि तो लोकांना सगळ्यात जास्त भुलवतो, कारण त्यात आपलं बालपण आहे. आपल्याकडच्या पार्लरांत ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ या फायटिंग गेमनं एक काळ गाजवला. पण आठवा, त्या कॅबिनेटसमोर आपण कसे असायचो? उभे. दांडा पोटाच्या उंचीवर, लाकडी पेटी जमिनीवर घट्ट, कितीही हिसका द्या, हलायची नाही. शेजारचा खांद्याला खांदा लावून, मागं नाणी घेऊन उभी रांग. दांडे इतके ढिले की एका बाजूला जास्त जोर लावायची सवय लागायची. घरी तीच सवय चांगल्या, हलक्या स्प्रिंगच्या दांड्यावर नडते. शिवाय ९७ हा निओ जिओ या आर्केड यंत्रावरचा चार बटणांचा खेळ: ए, बी, सी, डी. पॅडच्या चार बटणांवर तो जसाच्या तसा बसतो. प्लेस्टेशनच्या पॅडवर चौकोनावर ए, फुलीवर बी, त्रिकोणावर सी, गोलावर डी ठेवलं की लोळण घ्यायला लागणारे ए-बी शेजारी येतात आणि अंगठा आडवा टाकला की काम होतं. म्हणजे ज्या खेळाच्या आठवणीवर स्टिक विकली जातेय, तोच खेळ पॅडला सगळ्यात सोयीचा. टेकनचंही तसंच, दोन हात आणि दोन पाय मिळून चार बटणं.

ज्याला सहा बटणांचा स्ट्रीट फायटर खेळायचाय, ज्याचा अंगठा खरोखर दुखतो किंवा ज्याला टकटक आवाजाचीच मजा वाटते, त्यानं बेलाशक घ्यावी. फक्त पहिले काही आठवडे आपण आधीपेक्षा वाईट खेळणार हे धरून चालावं आणि तेवढ्यात पॅड विकून टाकू नये. रात्री घरात कोणी झोपलेलं असेल तर मायक्रोस्विचच्या आवाजावरून बोलणी बसतील, तीही धरावीत.

आणि चांगल्या भागांच्या तयार स्टिकची किंमत पाच आकड्यांत जात असताना घरच्यांपुढं हात पसरण्याआधी हेही बघा, स्टिक घरीही बनवता येते: रास्पबेरी पाय पिको हा काही शे रुपयांचा बोर्ड, त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकट मिळणारं फर्मवेअर, म्हणजे बोर्डात भरायचा प्रोग्राम, सान्वा किंवा सेमित्सू कंपनीचा दांडा आणि ३० मिलिमीटरची बटणं. पेटीसाठी लेझर कटिंग करणारा संभाजीनगरजवळ वाळूजला सापडतो, तारा जोडायला सोल्डरिंगचा हात शहरातल्या पैठण गेटच्या मोबाईलवाल्याकडं असतो. पेटी मात्र रुंद आणि जड करून घ्या, नाहीतर मांडीवरून घसरेल.