बीटा कमी म्हणजे जोखीम कमी, असं नाही

‘बीटा ०.६, म्हणून शेअर सुरक्षित’ असं एका लेखात वाचलं; ते अर्धंच खरं. बीटा फक्त बाजारासोबतची हालचाल सांगतो: बाजार १ टक्का हलला की शेअर साधारण किती टक्के हलतो. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कंपनीचा शेअर १७९ वरून ४० रुपयांवर आला, सेन्सेक्स पडला सुमारे ७ टक्के. बाकीची घसरण कंपनीची स्वतःची.

ती जोखीम मोजायला एक्सेलमध्ये दोन वर्षांचे साप्ताहिक परतावे घेऊन ‘एसटीईवायएक्स’ (STEYX) हे सूत्र लावा; बाजाराच्या हालचालीने न समजावता येणारा चढउतार ते मोजतं. आधी शेअरचा रकाना, मग निफ्टीचा; उलट दिलात तर भलताच आकडा येतो. उत्तराला ७.२ ने (५२ चं वर्गमूळ) गुणा: ५ टक्के आले तर वर्षाला ३६. भाव बोनस-स्प्लिटसाठी ॲडजस्ट केलेले नसतील तर १:१ बोनस (एका शेअरमागे एक फुकट, म्हणून भाव निम्मा) ५० टक्के घसरण म्हणून दिसतो आणि सगळं गणित बोंबलतं. सर्किटला (दिवसभरात भाव हलण्याच्या मर्यादेला) अडकणाऱ्या स्मॉलकॅपचे, म्हणजे छोट्या कंपन्यांचे, रोजचे भाव तर घेऊच नका, बीटा खोटाच कमी दिसतो.

एकमेकांशी संबंध नसलेले असे १६ शेअर समान वाटणीने घेतले की ३६ चे ९ होतात (१६ च्या वर्गमूळाने, म्हणजे ४ ने, भागून). त्यात १० खासगी बँका असतील तर मात्र नाही, त्या एकत्रच हलतात! आणि ही जोखीम पत्करली म्हणून बाजार जादा परतावा देतो असंही नाही. अँग, हॉड्रिक या संशोधकांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या अशा सर्वाधिक चढउताराच्या शेअरांचा परतावा उलट कमीच निघाला.