मागच्या तारखेची सही

आज संध्याकाळी पुन्हा तेच झाले. ऑडिटची तारीख कळल्यावर दहा मिनिटांच्या आत क्यूब रजिस्टर (काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्यांची नोंदवही), क्युरिंगचा म्हणजे काँक्रीट ओले ठेवल्याचा तक्ता आणि दोन महिन्यांची पोअर कार्डे (काँक्रीट भरण्याआधीच्या तपासणीचे कागद) बांधकामाच्या साइट ऑफिसच्या टेबलावर येऊन पडली. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांनी नुकताच डिप्लोमा झालेल्या एका मुलाला समोर बसवले, त्याच्या हातात दोन वेगवेगळी पेने दिली आणि रिकाम्या ओळी भरून काढायला सांगितले. दोन पेने अशासाठी की, सगळ्या नोंदी एकाच बैठकीत झाल्या हे कोणाच्या लक्षात येऊ नये. त्या मुलाने माझ्याकडे पाहिले. मी मध्ये पडले, तेव्हा सर्वांसमोर मला ऐकवण्यात आले, "मॅडम, टीममध्ये राहायचे तर थोडे सांभाळून घ्यावे लागते." नऊ वर्षे गुणवत्ता अभियंता म्हणून मी हेच वाक्य निरनिराळ्या तोंडून ऐकत आले आहे, आणि आज ते ऐकून मी मनापासून संतापले आहे.

ठेकेदार काम करतो आणि ते काम नकाशाप्रमाणे, मानकाप्रमाणे व ठरलेल्या दर्जाचे झाले की नाही हे पाहण्यासाठी मालक प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमतो. म्हणजे आमचे पथक तेथे असते ते केवळ तपासण्यासाठी. ठेकेदाराने चूक लपवली तर ती पकडणे हे आमचे काम आहे. आम्हीच लपवू लागलो तर त्या इमारतीत पुढे राहायला येणाऱ्या माणसाच्या बाजूने तेथे कोणीही उरत नाही.

क्यूब म्हणजे काय, हे या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. स्लॅब भरताना त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटर बाजूचे ठोकळे साच्यात भरायचे, ते पाण्यात ठेवायचे आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचे. ते किती भार घेतात यावरून स्लॅबमधल्या काँक्रीटची ताकद समजते. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाप्रमाणे ४० घनमीटर काँक्रीटसाठी किमान ४ नमुने घ्यावे लागतात आणि एका नमुन्यात ३ क्यूब असतात, म्हणजे एकूण १२. आमच्या साइटवर अनेकदा सहाच भरले जातात, त्यांतले काही साच्यातून काढतानाच कोपरे तुटून वाया जातात, आणि रजिस्टरमध्ये मात्र बाराचे निकाल असतात. खोटे निकाल ओळखणेही अवघड नसते. खऱ्या काँक्रीटचे आकडे वरखाली होतातच. एका नमुन्यातल्या तीन क्यूबांतही सरासरीपासून १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मानकाने मान्य केला आहे. आमच्या रजिस्टरात एम ३० काँक्रीटचे (म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर ३० न्यूटन ताकदीच्या दर्जाचे) आकडे पानामागून पाने ३८.१, ३८.४, ३८.२ असे ओळीने चालतात, कारण ३८.२५ ही मिश्रण ठरवताना धरलेली लक्ष्यताकद भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. काही ठिकाणी तर त्याहून वाईट प्रकार चालतो. क्यूब खरेच भरतात आणि खरेच फोडतात, पण त्यांच्यासाठी जादा सिमेंटचा वेगळा घाणा कालवलेला असतो. तो अहवाल प्रयोगशाळेचा असतो, त्यावर शिक्काही असतो, आणि त्यातले काँक्रीट इमारतीत कोठेच नसते.

क्युरिंगच्या तक्त्याविषयी तर बोलवत नाही. फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा हवा आणि तो १४ दिवसांपर्यंत वाढवावा अशी शिफारस आहे, कारण सिमेंट आणि पाणी यांची प्रक्रिया चालू राहिली तरच ताकद वाढते आणि वरचा थर तडकत नाही. एप्रिलमध्ये चार दिवस टँकर आलाच नाही. मजल्यावरच्या कोरड्या स्लॅबचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. तक्त्यात त्या चारही दिवशी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ पाणी मारल्याच्या खुणा आहेत, आणि खाली सही ज्याची आहे तो पर्यवेक्षक त्या आठवड्यात लग्नासाठी गावी गेला होता.

स्लॅबखालचे सपोर्ट म्हणजे टेकू काढण्याबाबतही हेच होते. ज्या स्लॅबच्या आधारांमधले अंतर साडेचार मीटरपेक्षा जास्त आहे त्याखालचे सपोर्ट साधारणपणे १४ दिवस ठेवावे लागतात. वेळापत्रक मागे पडले की ते दहाव्या दिवशी निघतात आणि कागदावर चौदावा दिवस येतो. गेल्या महिन्यात मी लेखी हरकत घेतली, तर मला सांगण्यात आले की हरकत मागे घ्या, कारण एनसीआरची (काम मानकाप्रमाणे नसल्याच्या लेखी नोंदींची) संख्या वाढली की मुख्य कार्यालयात आमचे पथक कमकुवत दिसते. दोष दाखवणारे पथक कमकुवत आणि दोष झाकणारे पथक कार्यक्षम, असा हिशेब ज्यांनी मांडला त्यांनी हे काम कशासाठी पत्करले, असे मला विचारावेसे वाटते.

पण मला सर्वांत जास्त चीड येते ती टक्क्यांच्या खेळाची. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे घर घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी, काम जेवढे पुढे गेले असेल तेवढ्याच प्रमाणात काढता येते. त्यासाठी अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे लागतात. म्हणजे साइटवरून आम्ही जो टक्का कळवतो त्यावर लोकांचे पैसे हलतात. मी मोजून ६१ टक्के कळवले होते. अहवालात ६८ गेले. विचारले तेव्हा "साहित्य साइटवर येऊन पडले आहे, ते धरले" असे उत्तर मिळाले. आवारात पडलेल्या टाइल्सच्या खोक्यांना पूर्ण झालेले काम म्हणायचे असेल, तर मोजमाप घ्यायलाच नको. हे सात टक्के ज्यांच्या खिशातून जातात ते लोक आज भाड्याच्या घरात राहून भाडेही भरत आहेत आणि कर्जाचा हप्ताही भरत आहेत. रविवारी ते मुलांना घेऊन साइट पाहायला येतात, फाटकाबाहेर उभे राहून आपला मजला बोटाने मोजतात. मी त्यांच्याशी नजर मिळवू शकत नाही, आणि हे मी अजिबात अतिशयोक्तीने लिहीत नाही.

याच कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतला दोष निघाला तर तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा अशी तरतूद आहे. उद्या स्लॅबला भेग पडली आणि वाद झाला तर पुरावा म्हणून हीच रजिस्टरे पुढे येतील. त्यांत सर्व काही उत्तम असेल, आणि सही त्या बावीस वर्षांच्या मुलाची असेल. ज्यांनी त्याला सही करायला लावली त्यांची सही कोठेही नसेल. हे नकळत होत नाही. कोणत्या कागदावर स्वतः सही करायची आणि कोणत्या कागदावर हाताखालच्या माणसाची घ्यायची, हे त्यांना नेमके ठाऊक असते.

आमच्या मॅनेजरांच्या खुर्चीमागे पीएमपीचे (प्रकल्प व्यवस्थापनातल्या व्यावसायिक पात्रतेचे) प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आहे. ते देणाऱ्या संस्थेची आचारसंहिता जबाबदारी, आदर, न्याय्य वागणूक आणि प्रामाणिकपणा या चार मूल्यांवर उभी आहे, आणि ती पाळण्याची हमी दिल्याशिवाय त्या परीक्षेचा अर्जही पूर्ण होत नाही. ही हमी त्यांनी स्वतः दिली आहे. कोणी त्यांच्यावर लादलेली नाही. दिवाळीत ठेकेदाराकडून मिठाईच्या खोक्याखाली पाकीट येते आणि ते परत जात नाही, हेही त्याच चौकटीखाली घडते. त्यावर अधिक लिहावे असे मला वाटत नाही.

मला "निगेटिव्ह" म्हणतात. बैठकीला बोलावत नाहीत, मोजमापाची शीट मला न दाखवता पुढे जाते, आणि नव्या मुलांना माझ्यापासून लांब राहण्याचा सल्ला मिळतो. एकमेकांचे खोटे झाकण्याला हे लोक सहकार्य म्हणतात. भरण्याच्या रात्री दोन वाजेपर्यंत पावसात थांबून काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरतो की नाही हे पाहणारा मुकादम, आणि कव्हर ब्लॉक (सळईवर काँक्रीटचा पुरेसा थर राहावा म्हणून खाली ठेवायचे ठोकळे) कमी पडले म्हणून काम थांबवणारा, सळया बांधणारा बारबेंडर, यांना सहकार्य म्हणजे काय हे आमच्यापेक्षा चांगले समजते.

त्या मुलाला मी आज घरी पाठवले. रजिस्टर माझ्या टेबलाच्या खणात कुलपात आहे. जे क्यूब भरलेच नाहीत त्यांच्या ओळींवर मी आडवी रेघ मारून "नमुना घेतला नाही" असे लिहिले आहे आणि त्याखाली आजचीच तारीख घालून माझी सही केली आहे. त्याची प्रत मुख्य कार्यालयाला ईमेलने पाठवली आहे आणि संशयित स्लॅबांमधून कोअर (यंत्राने कापलेले काँक्रीटचे गोल नमुने) काढून तपासण्याची लेखी मागणी केली आहे. परवा दहा वाजता ऑडिटर येतील तेव्हा ते पान त्यांच्यासमोर मी स्वतः उघडणार आहे.