शिरोरेघ काढली म्हणून एवढा राग?

मालवणातल्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. मुंबईत ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या गावच्याच दोन मुलांनी भगवतीच्या जत्रेतल्या दशावताराचा फलक रंगवला. शिरोरेघ काढून टाकली, काने पार फलकाच्या खालच्या काठापर्यंत ओढले, वेलांट्या शेजारच्या अक्षरात घुसवल्या. झालं. ‘अक्षरांची वाट लावल्यानी’, ‘ह्येका लिवणां म्हणतत?’ इथपासून ‘यासाठी बापानं फी भरली का’ इथपर्यंत मजल गेली. आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनी लिहिलं, ‘आधी वळण, मग प्रयोग.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. आता म्हणे फलक पुसून पुन्हा ‘नीट’ लिहून घेणार.

मी इथे स्वित्झर्लंडमधल्या बाझलला अक्षररचना, म्हणजे नेमकं हेच शिकवतो. त्यामुळे गप्प बसवत नाही.

गुरुजींचा मान ठेवून सांगतो, हा क्रमच मला मान्य नाही. वळण कळतं ते प्रयोगातून. पहिल्या सत्रात मी मुलांना एकच अक्षर देतो. लाकडी खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, शाई आणि हातानं छापा काढायचा प्रूफ प्रेस. छापा, कापा, अर्धं झाका, वाचता येणं जिथे संपतं तिथपर्यंत जा आणि मग एक पाऊल मागे या. मागे एका मुलीनं हट्टानं देवनागरी घेतली. लिपी तिला वाचता येत नव्हती. ‘धन’ आणि ‘घन’ हे दोन शब्द छापून तिनं दोन्हींची शिरोरेघ ब्लेडनं उडवली, कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, आता फरक फक्त डावीकडच्या या गाठीतच उरला का? तेच तर! रेघ असताना ती ‘ध’ आणि ‘भ’च्या डोक्यावर तुटते, ‘घ’ आणि ‘म’वरून सलग जाते. रेघ गेली की सगळा भार त्या गाठीवर येतो आणि ती मोठी करावी लागते. बालवाडीपासून ‘ध’ गिरवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ही रेघ तुटते का, असं विचारलं होतं?

जत्रेच्या फलकाचा फोटो मी मोठा करून पाहिला. ‘भगवती’तल्या ‘भ’ची गाठ त्या मुलांनी अशी फुगवली आहे की कुणी ‘म’ वाचणारच नाही. म्हणजे काय काढलं आणि त्याची भरपाई कुठे करायची, हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. ग्रुपवरच्या एकानंही तेवढं निरखून पाहिलेलं नाही.

आणि अक्षरांशी खेळ कोकणाला नवा कधीपासून झाला? रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी ‘केसरी’साठी देवनागरीचे खिळे कमी करायची खटपट केली. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी लिपीसुधारणेचा पुरस्कार केला. इ, ई, उ, ऊ ऐवजी अि, अी, अु, अू लिहा म्हणाले, म्हणजे छपाईचे खिळे वाचतील. लिपीच्या मुळालाच घातलेला हात होता तो. आपल्या घरांतले जमिनीचे जुने कागद मोडीत आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदभर रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं टांगायचा. आपण शाळेत नेमकं उलट शिकलो. मग कुठली रेघ सनातन?

बंदरावर जाऊन बघा. होडीवर नाव घालणारा पेंटर शिरोरेघ पट्टीनं मारत नाही. होडीचा काठ जसा नाळेकडे वर चढतो, तशी तो ती वाकवतो. टोकाकडची अक्षरं रुंद करतो, मग वाळूत मागे जाऊन डोळे बारीक करून बघतो आणि पुन्हा येऊन एखादा उकार लांबवतो. त्याला कुणी वळण विचारलं नाही. तो कॉलेजात गेलेला नाही म्हणून तुम्हाला चालतं, आणि ही मुलं शिकून तेच करतात तर खुपतं, असंच ना?

इथे बाझलला ट्रामच्या थांब्यावर वेल्टफॉर्मात या मोठ्या स्विस मापाची पोस्टरं लागतात. त्यांतली कित्येक एका नजरेत वाचता येत नाहीत. लोक थांबतात, वाचतात, ट्राम पकडतात. फास्नाख्टच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, पहाटे निघणाऱ्या कंदिलांवरची अक्षरं तर नाचतच असतात. वोल्फगांग वाइनगार्ट मूळचा खिळे जुळवणारा कारागीर. बाझलच्या शाळेत अक्षररचना शिकवणाऱ्या एमिल रुडरची शिस्त मोडायला निघालेला हा तरुण, आणि 1968 साली रुडरच्याच शाळेनं त्याला शिकवायला ठेवून घेतला. आपल्याकडे असं होत नाही, याचा मला राग येतो.

‘नोकरी कोण देणार?’ हा दुसरा प्रश्न. र. कृ. जोशी आयुष्यभर अक्षरांवर प्रयोग करत राहिले. विंडोज 2000 बरोबर आलेला ‘मंगल’ फाँट त्यांचाच. ज्या अक्षरांत सरकारी अर्ज टाइप झाले, ती एका प्रयोग करणाऱ्याच्या हातची होती. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत अक्षरांना हवं तसं वाकवलं, आणि महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. बरोबरीच्या एकानं उत्तर दिलं, ‘तुका काय जाता, तू थंय रवतस.’

ते लागलं. कारण खरं आहे. मी रोज लोकांच्या मुलांना रोमन अक्षरं शिकवतो. ती रुडरबद्दल बोलतात तेव्हा घरच्या थोरल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं बोलतात, आणि मी त्या घरात पाहुणा असतो. देवनागरी येते ती तासाला वेळ उरला तर. माझं एकही अक्षर मालवणात कुठल्या भिंतीवर नाही, होडीवर नाही, जत्रेत नाही. त्या दोघांचं आहे. ते घाबरून सरळ रेघेत लिहायला लागले, तर मी इथे ज्या गोष्टीबद्दल एवढ्या तावातावानं बोलतो ती माझ्या गावात उरणार नाही, आणि ती परत आणणं इथे बसून माझ्या हातात नाही.

म्हणून गुरुजी, फलक पुसायचाच असेल तर पुसा, पण पुढच्या जत्रेचा फलकही त्याच दोघांना द्या. रंग, ब्रश, प्लायवूड, सगळा खर्च माझा. तेवढा हक्क मला असू द्या.