आम्ही मध्यंतराआधीच उठलो

आज दुपारी लोअर परळच्या एका मॉलमध्ये मराठी चित्रपट पाहायला गेलो होतो आणि मध्यंतर होण्यापूर्वीच उठून बाहेर आलो. ही गोष्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगितल्यापासून मला जे ऐकवले जात आहे, त्याने माझे डोके दुपारपेक्षा जास्त तापले आहे. विनोदी चित्रपट विनोद म्हणून बघायचा, तिकिटाचे पैसे तरी वसूल करायचे, आणि कहर म्हणजे, मराठी माणूसच मराठी चित्रपट अर्धवट सोडू लागला तर इतरांना काय बोलणार! चित्रपटाचे नाव मी लिहिणार नाही. शिव्या घालून का होईना, त्याची जाहिरात माझ्या हातून व्हायला नको.

माझ्याबरोबर आप्पा होते, म्हणजे माझे थोरले काका. त्यांना फार कमी ऐकू येते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तरुणपणी ते कापड गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात होते. एका छपराखाली धडधडणाऱ्या मागांमध्ये पाळ्यांवर पाळ्या केलेल्या माणसाचे कान शाबूत राहिले असते तरच नवल. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली, पण कान त्याआधीच गेले होते. आवाजामुळे येणारा बहिरेपणा आज कामगारविषयक कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे; आप्पांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. कानातल्या मशीनचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला, आणि आज ते मशीन लावून, इस्त्रीचा सदरा घालून, ते एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये माझ्यासोबत चित्रपट पाहायला आले होते.

त्या चित्रपटातले मुख्य विनोदाचे पात्र म्हणजे बहिरे आजोबा. सुनेने हसत हसत सासऱ्याला वाटेल ते बोलायचे, आणि काहीच न कळल्यामुळे सासऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, या जातीचे विनोद. प्रत्येक वेळी सभागृह खो-खो हसत होते आणि प्रत्येक वेळी आप्पा माझ्याकडे वळून विचारत होते, "काय म्हणाली गं ती?" सुरुवातीला मी सांगितले. बहिऱ्या माणसावरचा विनोद बहिऱ्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन, आवाज चढवून समजावून सांगणे काय असते, ते मला विनोद म्हणून घ्यायला सांगणाऱ्यांनी एकदा करून पाहावे. पुढच्या रांगेतली मंडळी मागे वळून आमच्याकडे पाहून पुन्हा हसली. त्यानंतर मी "काही नाही, असंच" एवढेच म्हणत राहिले.

मग तो प्रसंग आला. घरातली माणसे ठरवून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलू लागतात. आजोबांना वाटते की आपले मशीन बिघडले. ते मशीन काढून झटकतात, टेबलावर आपटतात, आणि सगळे घर पोट धरून लोळते. दिग्दर्शकाने हुशारीने त्या क्षणी चित्रपटाचा आवाजही पूर्ण बंद केला होता. त्या शांततेत माझ्या शेजारी बसलेल्या आप्पांनी आपला हात कानामागे नेला आणि मशीनचे बटण चाचपले. त्यांना वाटले, आपल्याच मशीनचा सेल संपला.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून दाराकडे बोट दाखवले. ते लगेच उठले. मागून कोणीतरी "खाली बसा हो" म्हणून ओरडले, ते त्यांना ऐकू आले नाही आणि मला ऐकायचे नव्हते.

आता मुद्द्याचे बोलते. चित्रपट मध्येच सोडून उठणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे आणि तो आपण फार कंजूषपणे वापरतो. जेवणात केस निघाला म्हणून ताट बाजूला सारणाऱ्याला पैसे का वसूल केले नाहीत असे कोणी विचारत नाही, मग चित्रपटगृहातच ही वसुलीची भाषा कुठून येते? आपल्याकडे दोनच रिती रुजल्या आहेत. एक म्हणजे डोकी भडकवून चित्रपटगृहांवर चालून जाणे. १९९८ च्या डिसेंबरात याच मुंबईत एका चित्रपटावरून चित्रपटगृहांत झालेली मोडतोड विसरण्याइतकी जुनी झालेली नाही. दुसरी म्हणजे निमूटपणे शेवटपर्यंत बसून, घरी आल्यावर नाक मुरडणे. मला यातले एकही मान्य नाही. ज्या शहरात विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकावरच्या बंदीविरुद्ध दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, त्या शहरात मी कशावरही बंदी मागणार नाही. मी फक्त उठेन, आणि का उठले ते विचारणाऱ्याला सांगेन.

'हल्ली सगळ्यांच्याच भावना दुखावतात' असे आमच्या एका नातलगांनी ऐकवले. हो, दुखावतात, आणि त्यातल्या अर्ध्या उगाचच दुखावतात, हे मान्य. परंतु आप्पांची भावना दुखावली असे मी म्हणतच नाही. त्यांनी तसा शब्दही काढला नाही. मी म्हणते आहे की पडद्यावर जे चालले होते ते क्षुद्र होते. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींची हेटाळणी करणारी दृश्ये विनाकारण दाखवू नयेत, हे चित्रपट प्रमाणनाच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच लिहिलेले आहे. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अशाच एका प्रकरणात, अपंगत्व समजून घेण्यास मदत करणारा विनोद वेगळा आणि अपंग व्यक्तीला कमी लेखणारा विनोद वेगळा, असा फरक स्पष्ट केला. आणि बहिरेपणावर विनोद करूच नये असे कोणी म्हटले? आप्पा स्वतःच्या कानांवर जे किस्से सांगतात ते ऐकून आमच्या चाळीतली माणसे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलेली आहेत. साचाखात्यात कोणालाच ऐकू येत नसे, म्हणून तिथे ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलणे चाले, आणि लांबच्या मागावरच्या माणसाशी मुकादमाची टिंगल त्याच्या देखत करता येई, हे त्यांच्याकडूनच ऐकावे. त्या किश्श्यांत बहिरा माणूस शहाणा असतो. आजच्या चित्रपटात तो मूर्ख होता, एवढाच काय तो फरक आहे, आणि माझ्या दृष्टीने तो पुरेसा आहे.

हसणारे लोक दुष्ट नव्हते, हे लिहिताना मला जड जात असले तरी लिहिते. आमच्या रांगेतल्या एका तरुण मुलीने आप्पांना वाट देण्यासाठी पाय आवरून घेतले आणि त्यांच्या कानाकडे पाहिल्यावर तिचे हसू थांबले. उत्तरार्धात त्या सुनेला पश्चात्ताप झाला असेल, आजोबांच्या पाया पडून सगळे रडलेही असतील. मी तो भाग पाहिलेला नाही. तासभर एखाद्याला तुडवून शेवटच्या दहा मिनिटांत त्याला हार घालण्याची ही पद्धत मात्र मला चांगली ठाऊक आहे.

सरकत्या जिन्यावर आप्पा म्हणाले, "तुझे पैसे फुकट गेले गं." मग थोड्या वेळाने, "सिनेमात शांत झालं होतं ना मघाशी? की मशीनच गेलं?" मी म्हणाले, सिनेमातच शांत होतं, आप्पा, मशीन चांगलं आहे. त्यांना बरे वाटले.

मराठी चित्रपटाला साथ द्या म्हणणाऱ्यांना आता एवढेच विचारते. मल्टिप्लेक्समध्ये आपल्या चित्रपटाला चांगली वेळ मिळावी म्हणून २०१५ साली सरकारला फर्मान काढावे लागले, तेव्हा आम्ही सगळे त्या बाजूने तावातावाने बोललो होतो. आज त्याच पडद्यावर संवादांखाली इंग्रजी ओळी होत्या. मराठी न कळणाऱ्यांची सोय झाली, चांगलेच झाले. पण मराठी कळणाऱ्या, मराठी वाचणाऱ्या आणि ऐकू न येणाऱ्या आप्पांसाठी मराठी ओळी नव्हत्या. श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी अशी सोय करावी, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२४ च्या मार्चमध्येच काढलेली आहेत. त्या ओळी पडद्यावर आल्या की मी आप्पांना घेऊन पुन्हा येईन आणि तिकिटे माझ्या पैशांनी काढेन. तोवर मराठी चित्रपट वाचवण्याचे संदेश कृपया मला पाठवू नयेत.