हापोन आडनावाचं गाव

शाळेत आपण स्पेनचा इतिहास शिकलो तो जाणाऱ्या जहाजांचा. कोलंबस निघाला, मॅगेलन निघाला. तिथे उतरलेल्यांचं काय? मला तरी सेव्हिलपेक्षा तिच्या खालच्या अंगाला, ग्वादालकिवीरच्या काठी वसलेलं कोरिया देल रिओ जास्त जवळचं वाटतं. (आशियातल्या कोरियाशी काही संबंध नाही. जपानशी मात्र आहे.)

1613 साली सेंदाईचा सरदार दाते मासामुने याने हासेकुरा त्सुनेनागा या सामुराईला स्पेनचा राजा आणि पोपकडे वकील म्हणून धाडलं. पॅसिफिक ओलांडून, मेक्सिको पायाखाली घालून, पुन्हा अटलांटिक पार करून ही मंडळी 1614 च्या ऑक्टोबरात या गावी उतरली. सेव्हिलमध्ये वाजतगाजत शिरण्याआधी मुक्काम इथे. पुढे माद्रिदला हासेकुराचा बाप्तिस्मा झाला, रोमला पोपची भेट झाली. पण तोवर जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली होती. काही जण परतलेच नाहीत. त्यांचेच वंशज म्हणून आज कोरियात शेकडो माणसं ‘हापोन’ आडनाव लावतात. हापोन म्हणजे जपान!

आपल्याकडे गाव सोडलं तरी सातारकर, नगरकर ही आडनावं पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहतात, म्हणून मला हे चटकन भिडलं. फक्त इथे अख्खा देशच आडनावात येऊन बसलाय. 2013 मध्ये तेव्हाचे युवराज, आताचे सम्राट नारुहितो इथे आले, त्यांनी चेरीचं झाड लावलं.

नदीने सगळेच पाहुणे असे आणले नाहीत. 844 मध्ये याच पाण्यातून वायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले दर्यावर्दी लुटारू, आले आणि त्यांनी गावात कत्तल केली.

मला खरा राग येतो तो स्टर्जन माशाच्या बाबतीत. 1930 च्या दशकात कोरियात कॅव्हिअरचा, म्हणजे माशाच्या खारवलेल्या अंड्यांचा, कारखाना होता, याच नदीतल्या स्टर्जनच्या अंड्यांवर चालणारा. त्याच सुमारास वर अल्काला देल रिओला धरण झालं आणि अंडी घालायला वर जाणाऱ्या माशाची वाट अडली. त्यात मासेमारीचीही हाव. मासा संपला, कारखानाही गेला. पाहुण्यांचं नाव चारशे वर्षं जपणाऱ्या गावाला स्वतःच्या नदीतला मासा राखता आला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आणि हा दोष एकट्या गावाचा नाही.

सेव्हिलला जाणार असाल तर एक दिवस कोरियासाठी ठेवा. काठावरच्या बागेत हासेकुराचा पुतळा आहे. तिथे नदीवर पूल नाही. माणसं, मोटारी सगळं तराफ्यासारख्या बोटीतून पलीकडे जातं. त्या बोटीत जरूर बसा.