अर्धाच शोध, आणि वर 200 ओके

डोकं फिरलंय, झोप उडालीय. आमच्या सपोर्टने आज एका काकांना सांगितलं, "तुमची ऑर्डर आमच्याकडे नाहीच." फ्रिज 2019 चा, काँप्रेसरची वॉरंटी दहा वर्षांची. काकांनी बिलाचा फोटो पाठवला होता. थर्मल कागद तो, अक्षरं उडून गेलेली, कोपऱ्यात तारखेचे दोन आकडे तेवढे दिसतायत. म्हणजे सगळी भिस्त आमच्या सर्चवर.

ऑर्डर होती! इलास्टिकसर्चमध्ये (आमचं शोधाचं सॉफ्टवेअर) दर वर्षाचा वेगळा इंडेक्स, म्हणजे नोंदींचा साठा; सगळ्यांत एकदम शोधायला 'ऑर्डर्स-*' असं वाइल्डकार्ड मारायचं आणि तारखेने सॉर्ट करायचं. 2019 च्या इंडेक्समध्ये कुण्या शहाण्याने तारीख टेक्स्ट म्हणून मॅप करून ठेवलीय, म्हणजे साधा मजकूर म्हणून. टेक्स्टवर सॉर्ट होत नाही, म्हणून त्याचे पाचही शार्ड (इंडेक्सचे तुकडे) फेल. बाकीच्या सहा वर्षांचे सहा शार्ड गुमान उत्तर देतात: हिट्स शून्य, स्टेटस 200, म्हणजे 'सगळं ठीक'. 'फेल्ड: 5' हे त्याच उत्तराच्या जेसनमध्ये लिहिलेलं असतं हो, पण आमचा कोड ते बघतच नाही! 'अलाऊ_पार्शल_सर्च_रिझल्ट्स', म्हणजे अर्धवट निकाल चालवून घेणारं सेटिंग, फॉल्स करायला एक ओळ लागते. एक! धडधडीत एरर आली असती, काकांना कुणी खोटं सांगितलं नसतं.

आणि मीटिंगमध्ये सल्ले काय, तर "एलियस लावा". अरे, एलियस म्हणजे नुसतं टोपणनाव, त्याच्या मागे तेच इंडेक्स, तेच मॅपिंग! "वाइल्डकार्डऐवजी इंडेक्सची नावं स्वल्पविराम देऊन लिहा." त्याने इंडेक्सच नसेल तर 404 ('सापडलं नाही' ही एरर) तरी येतो, वाइल्डकार्डला काही सापडलं नाही तर तेही नाही. पण मॅपिंगचं काय? मल्टी-सर्चमध्ये, म्हणजे एकाच विनंतीत वेगवेगळे शोध पाठवले तर, प्रत्येक इंडेक्सचं उत्तर वेगळं येतं, कुठे फुटलं ते कळतं. मला तेच पटतं. पण मग निकाल एकत्र करून पानं पाडायची कुणी? मीच.

प्रॉडक्ट सर्चचंही तेच रडगाणं. शब्द जितका दुर्मीळ तितके गुण जास्त; पण किती दुर्मीळ हे प्रत्येक शार्ड आपापल्यापुरतं ठरवतो, म्हणून छोट्या इंडेक्सचा फालतू माल वर चढतो. 'डीएफएस' लावा, म्हणजे आधी सगळ्या शार्डचे आकडे एकत्र होतील म्हटलं, तर "स्लो होईल". चुकीचं उत्तर लवकर मिळून करायचंय काय?

दोन वर्षं घसा फोडतोय, इंडेक्स टेम्प्लेट (नव्या इंडेक्सचा ठरलेला साचा) लावा, जुनं रीइंडेक्स करा, म्हणजे नीट मॅपिंगने परत भरा. "चालतंय ना?" हे एकच उत्तर.

नाही चालत. 2019 चं रीइंडेक्स मी आत्ता लावलंय, कुणाला न विचारता. सकाळी काकांना फोनही मीच करणार, आणि माफी मागणार.