खुरानांना नोबेल कृत्रिम जनुकासाठी मिळालेलं नाही

दरवर्षी ९ जानेवारीच्या आसपास नोबेलविजेते शास्त्रज्ञ हरगोविंद खुराना यांचा फोटो लावलेला एक मेसेज फिरतो, यंदाही सोसायटीच्या, कॉलेजच्या, नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: भारताने हाकलून दिलेले खुराना अमेरिकेत गेले, तिथे त्यांनी एकट्याने जगातलं पहिलं कृत्रिम जनुक बनवलं, त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं, पण त्यांनीच शोधलेला पीसीआर (डीएनएच्या एका तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) एका अमेरिकनाने चोरला आणि त्यावर स्वतः नोबेल घेतलं, आणि खुराना मात्र नंतर विस्मृतीत गेले. मी बीएस्सीच्या मुलांना मॉलिक्युलर बायोलॉजी शिकवते आणि यातलं बरंचसं मुलं पेपरात जसंच्या तसं लिहून येतात, म्हणून एकदा नीट लिहून टाकते. माणूस खरंच प्रचंड मोठा होता हो, पण या मेसेजमध्ये त्याचं खरं काम कुठे दिसतच नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे नोबेल. ते मिळालं १९६८ साली आणि पहिलं पूर्ण कृत्रिम जनुक जाहीर झालं १९७० साली. नुसती वर्षं बघितली तरी दावा पडतो. नोबेल होतं जेनेटिक कोड उलगडल्याबद्दल, म्हणजे डीएनए-आरएनएतल्या चार अक्षरांवरून वीस अमिनो आम्लांची रांग पेशी कशी लावते त्याबद्दल. यात खुरानांनी नेमकं काय केलं ते सांगायलाच हवं कारण ते अतिशय देखणं आहे. त्यांनी आधी रासायनिक पद्धतीने डीएनएचे छोटे तुकडे बनवले, ज्यात अक्षरं ठरलेल्या क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, मग एन्झाइम वापरून ते तुकडे लांब केले, त्यावरून आरएनए बनवला आणि तो बॅक्टेरियाच्या पेशी फोडून काढलेल्या अर्कात टाकला. आता समजा आरएनए आहे यूसीयूसीयूसी असा. तीन-तीन अक्षरं घेऊन वाचलं तर यूसीयू, मग सीयूसी, मग परत यूसीयू. म्हणजे प्रोटीनमध्ये दोनच अमिनो आम्लं आलटून पालटून यायला हवीत, आणि तसंच झालं, सेरीन, ल्युसीन, सेरीन, ल्युसीन. अक्षरं दोन-दोन किंवा चार-चार वाचली जात असती तर एकच अमिनो आम्ल सलग आलं असतं. पुढे यूयूसी यूयूसी असा आरएनए घेतला तर तीन वेगवेगळ्या साखळ्या मिळाल्या, एक नुसत्या फेनिलअॅलानीनची, एक नुसत्या सेरीनची, एक नुसत्या ल्युसीनची, कारण वाचायला सुरुवात कुठून होते त्यावर सगळं ठरतं. आणि जीयूएए असा क्रम घेतला की त्यात यूएए येतो, तिथे साखळी तुटते, तो स्टॉप. हे वर्गात फळ्यावर लिहिताना मला अजूनही भरून येतं, इतकं स्वच्छ उत्तर फार कमी प्रयोगांतून मिळतं.

‘एकट्याने’ हा शब्द तर काढूनच टाका. नोबेल तिघांना मिळून होतं, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली हे बाकीचे दोघे. कोडचं पहिलं कुलूप निरेनबर्ग आणि मथाई यांनी १९६१ मध्ये उघडलं, नुसत्या यूच्या आरएनएवरून फेनिलअॅलानीनची साखळी बनते हे दाखवून. हॉलींनी यीस्टमधल्या अॅलानीन टीआरएनएचा (प्रोटीन बनताना अमिनो आम्ल आणून देणारा छोटा आरएनए) क्रम १९६५ मध्ये लावला, आणि खुरानांच्या ग्रुपने १९७० साली जे जनुक बनवलं ते याच टीआरएनएचं होतं, म्हणजे हॉलींचं काम नसतं तर काय बनवायचं हेच माहीत नसतं. शिवाय त्या जनुकामागे पोस्टडॉक्सची, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्यांची, मोठी फौज कित्येक वर्षं राबत होती.

आता ‘भारताने हाकलून दिलं’. यात खऱ्याचा अंश आहे म्हणूनच ते खपतं. खुराना १९४९ साली परत आले होते आणि त्यांना इथे नोकरी मिळाली नाही, हे खरं. पण लिव्हरपूलला पीएचडीला ते गेले तेच मुळी भारत सरकारच्या फेलोशिपवर. त्यांचं गाव रायपूर, मुलतान जिल्ह्यातलं, ते फाळणीत पाकिस्तानात गेलं, वडील पटवारी, शिक्षण मुलतान आणि लाहोरला. १९४९ च्या भारतात न्यूक्लिइक अॅसिडच्या केमिस्ट्रीसाठी लॅब कुठे होती ते सांगा की. नोकरी न मिळणं आणि हाकलणं यात फरक आहे. १९६९ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिलं तेही याच देशाने.

आणि ते थेट अमेरिकेत गेले हेही नाही. भारतात परतण्याआधी झुरिकला प्रेलॉग या केमिस्टकडे, नंतर केंब्रिजला टॉड आणि केनर या केमिस्टकडे, आणि १९५२ ते १९६० चक्क कॅनडात व्हँकुव्हरला. तिथे सुविधा जवळपास नव्हत्या पण मोकळीक भरपूर होती, आणि त्या जोरावर १९५९ साली त्यांनी आणि मॉफट यांनी कोएन्झाइम ए हा गुंतागुंतीचा रेणू लॅबमध्ये बनवून दाखवला. विस्कॉन्सिन त्यानंतर, एमआयटी १९७० मध्ये.

पीसीआरचा मुद्दा जरा थांबून बघायला हवा कारण इथे दोन्ही बाजूंनी चुकीचं बोललं जातं. १९७१ मध्ये खुरानांच्या ग्रुपचा एक पेपर आला, पहिलं नाव क्लेप्पे यांचं. त्यात दोन प्रायमर (नक्कल कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे), डीएनएच्या दोन पट्ट्या तापवून सोडवणं, थंड करणं, पॉलिमरेज (डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम) घालणं आणि हे चक्र पुन्हा करणं, ही कल्पना सरळ लिहिलेली आहे. म्हणजे ‘खुरानांचा पीसीआरशी काय संबंध’ असं म्हणणाऱ्यांनी तो पेपर वाचावा. पण चोरी? पेपर उघड्यावर छापलेला होता, कुणीही वाचावा. तेव्हा अडचण अशी होती की दर वेळी तापवलं की एन्झाइम मरायचं, प्रायमर बनवणं म्हणजे महिनोन्महिन्यांचं काम, आणि डीएनएचा क्रम वाचायच्या सोप्या पद्धती १९७७ पर्यंत आल्याच नव्हत्या, तर प्रायमर कुठे बसवायचा हेच कळायचं नाही. मेसेजमधला तो अमेरिकन म्हणजे कॅरी मुलिस, त्यांना १९८३ मध्ये कल्पना सुचली तेव्हा या अडचणी बऱ्याच हटल्या होत्या, आणि नंतर उष्णता सोसणारं टॅक पॉलिमरेज वापरात आल्यावर पद्धत खऱ्या अर्थाने धावली. ड्यूपाँट कंपनीने याच जुन्या पेपरांच्या आधारावर पीसीआरच्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९१ मध्ये ज्यूरीने पेटंट कायम ठेवलं. माझं मत विचाराल तर कल्पनेचं श्रेय खुराना आणि क्लेप्पे यांना वर्गात नाव घेऊन द्यायलाच हवं, मी देते, पण चोर हा शब्द मुलिस यांना लावायला आधार नाही.

यात मेसेजवाल्यांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. १९९३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मुलिस यांच्यासोबत अर्धं मायकेल स्मिथ यांना मिळालं, जनुकात हव्या त्या जागी बदल करण्याच्या पद्धतीबद्दल, आणि हे स्मिथ व्हँकुव्हरला खुरानांचेच पोस्टडॉक होते. त्यांच्याच तालमीत तयार झालेले मार्विन कॅरुथर्स यांनी पुढे डीएनए बनवायची फॉस्फोरॅमिडाइट पद्धत आणली, आज जगभर मशीनवर डीएनए बनतो तो मुख्यतः याच पद्धतीने.

त्यामुळे ‘विस्मृतीत गेले’ वाचलं की मला राग येतो. नोबेलनंतर त्यांनी १९७६ मध्ये बॅक्टेरियाच्या पेशीत प्रत्यक्ष काम करणारं कृत्रिम जनुक दाखवलं, मग विषयच बदलला आणि पेशीच्या आवरणातल्या प्रोटीनकडे वळले, आधी मिठागरात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं प्रकाशावर चालणारं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन, मग आपल्या डोळ्यातलं ऱ्होडॉप्सिन, ज्यातल्या बिघाडांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टी हळूहळू घालवणारा आजार होऊ शकतो. १९८७ मध्ये अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स मिळालं. नोबेल मिळाल्यावर साठीकडे झुकताना नवीन क्षेत्रात पहिल्यापासून सुरुवात करणारे किती जण दाखवाल?

आणि प्रभाव मोजायचा तर कुठल्याही कॉलेजच्या लॅबचा फ्रीज उघडा. आम्ही प्रायमरची ऑर्डर देतो, वीस-बावीस अक्षरं टाइप करायची, काही दिवसांत इवलीशी ट्यूब येते, आत डोळ्यांना जेमतेम दिसेल असा पांढरा थर. झाकण उघडण्याआधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या असं मुलांना दहादा सांगावं लागतं, नाहीतर पावडर झाकणाला चिकटून वाया जाते. असा एखादा तुकडा बनवायला १९६० च्या दशकात खुरानांच्या लॅबमधल्या माणसांना महिने लागायचे.